चौदा गुणांचा संघ : व्हीलचेअर बास्केटबॉल या खेळाची ओळख

पुणे-बंगळूर महामार्गावर कराड मागे पडले की लगेच मलकापूर लागते. महाराष्ट्रात या नावाची आणखीही गावे आहेत. हे सातारा जिल्ह्यातील, कराडला खेटून असलेले मलकापूर. चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेमुळे या गावाचे नाव राज्याबाहेरही पोचले. परंतु सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबांना मलकापूर परिचित आहे ते येथील कृष्णा रुग्णालयामुळे. महामार्गावरील अपघात, उसाच्या ट्रॉलीवरून पडणे, झाडावरून अथवा विहिरीच्या काठावरून तोल जाणे, अशा कारणांनी पाठीच्या कण्याला इजा झालेला रुग्ण या भागात अशाच मोठ्या रुग्णालयाकडे धाव घेतो. शस्त्रक्रिया होते, भौतिकोपचार सुरू होतात, आणि काही आठवड्यांनी अथवा महिन्यांनी तो घरी परततो तेव्हा त्याच्यासोबत एक चाकाची खुर्ची असते.

या खुर्चीचे पुढे काय होते, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. घराला उंबरठा असतो, पुढे दोन पायऱ्या असतात, गल्लीत उघडे गटार असते. खुर्ची ओसरीवर राहते आणि तिच्यात बसलेला पंचविशीतील तरुण तिच्याबरोबर ओसरीवरच राहतो. जगात अन्यत्र मात्र याच खुर्चीतून गेली पाऊणशे वर्षे एक अत्यंत वेगवान व चुरशीचा आंतरराष्ट्रीय खेळ खेळला जात आहे. त्या खेळाचे स्वरूप ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रुग्णालयातून क्रीडांगणाकडे

दुसऱ्या महायुद्धापूर्वी कण्याची इजा म्हणजे जवळजवळ मृत्यूच समजला जाई. मृत्यू इजेने येत नसे. अंगावर पडणाऱ्या शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने येई. जर्मनीतून परागंदा होऊन इंग्लंडमध्ये आलेले मज्जातंतुतज्ज्ञ डॉ. लुडविग गुटमन यांच्याकडे १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथील कणा-इजा विभागाची सूत्रे आली. रुग्णाला ठराविक काळाने कुशीवर वळविणे, स्वच्छतेचा कडक आग्रह धरणे आणि त्याला लवकरात लवकर कामाला लावणे, हे त्यांच्या उपचाराचे सूत्र होते. व्यायामाचा कंटाळा येतो, खेळाचा येत नाही, हे त्यांनी ओळखले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या आवारात सोळा रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. पुढील पॅरालिंपिक चळवळीचे हे बीज होय.

बास्केटबॉलची कथा याच सुमारास अमेरिकेत सुरू झाली. युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांपैकी अनेकजण पूर्वीचे बास्केटबॉलपटू होते. १९४६ च्या सुमारास कॅलिफोर्निया व मॅसॅच्युसेट्स येथील लष्करी रुग्णालयांत त्यांनी खुर्चीतूनच खेळण्यास प्रारंभ केला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा खेळ कोणा दयाळू गृहस्थाने अपंगांकरिता बेतून दिलेला नाही. खेळाडूंनीच आपला जुना खेळ नव्या साधनाने पुन्हा हस्तगत केला. १९६० च्या रोम येथील पहिल्या पॅरालिंपिक स्पर्धेत पुरुषांचे सामने झाले. १९६८ मध्ये तेल अवीव येथे महिलांचाही समावेश झाला. पुरुषांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७३ मध्ये बेल्जियममधील ब्रुज येथे प्रथम भरली; महिलांना मात्र आपल्या जागतिक स्पर्धेसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले. पॅरिस येथील २०२४ च्या पॅरालिंपिकमध्ये पुरुषांचे सुवर्णपदक अमेरिकेने आणि महिलांचे नेदरलँड्सने पटकाविले.

मैदान तेच, रिंग तीच

या खेळाची मैदाने वेगळी असतील, रिंग खाली आणलेली असेल, असा अनेकांचा समज असतो. तसे काहीही नाही. मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते, रिंग ३.०५ मीटर उंचीवरच असते. दहा मिनिटांचे चार भाग, प्रत्येक संघाचे पाच खेळाडू आणि चोवीस सेकंदांत चेंडू फेकण्याचे बंधन हे सारे नेहमीच्या बास्केटबॉलप्रमाणेच. खुर्चीत बसून, पायांचा रेटा व उडी यांच्या साहाय्याशिवाय तेवढ्याच उंचीवरील रिंगमध्ये चेंडू टाकावयाचा, म्हणजे खांदे व मनगट यांची तयारी किती लागत असेल याचा अंदाज शाळेतील कोणीही क्रीडाशिक्षक खाली बसून चेंडू फेकून स्वतःच घेऊ शकेल.

नियमांत बदल आहे तो केवळ खुर्चीमुळे आवश्यक ठरलेला. चेंडू हाती अथवा मांडीवर असताना चाकांना सलग दोनच रेटे देता येतात. तिसऱ्या रेट्यापूर्वी चेंडू जमिनीवर आपटला पाहिजे, सहकाऱ्याकडे दिला पाहिजे किंवा रिंगकडे फेकला पाहिजे. चेंडू आपटणे थांबवून पुन्हा सुरू करण्यास मात्र येथे मुभा आहे. खुर्ची हा खेळाडूच्या शरीराचाच भाग मानला जातो. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या खुर्चीवर आपली खुर्ची आदळविणे हा त्याला धक्का दिल्यासारखाच दोष ठरतो. ज्यांच्या पायांत थोडी शक्ती आहे त्यांनी बैठकीवरून उचलून उंचीचा लाभ घेतल्यास तोही दंडनीय अपराध होय.

खुर्चीविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण आपल्याकडे शिबिरांतून वाटल्या जाणाऱ्या घडीच्या खुर्च्या या खेळास चालत नाहीत. त्या जड असतात आणि वेगात वळताना कलंडतात. खेळाच्या खुर्चीची मोठी चाके वरच्या बाजूस जवळ व तळाशी फाकलेली असतात. त्यामुळे ती जागच्या जागी गर्रकन वळते आणि सहजी उलटत नाही. मागे एक अगर दोन लहान चाके असतात, ती मागे कोलमडण्यापासून वाचवितात. पुढे पावलांच्या रक्षणासाठी आडवी नळी असते. खेळाडू कमरेला व पायांना पट्टे बांधून खुर्चीशी एकजीव होतो. मोठ्या चाकाचा व्यास, बैठकीची उंची, पुढील नळीची जमिनीपासूनची उंची या साऱ्यांवर नियमांची मर्यादा आहे आणि सामन्यापूर्वी पंच ती मोजून पाहतात. जमिनीवर घरंगळलेला चेंडू उचलण्याची खेळाडूंची रीत मोठी पाहण्यासारखी असते : चेंडू फिरत्या चाकाला हाताने दाबून धरावयाचा, की चाकच त्याला वर मांडीपर्यंत आणून पोचविते.

एक गुणाचा खेळाडू

आता या खेळातील सर्वांत मार्मिक भागाकडे वळू. एका संघात एक खेळाडू गुडघ्याखाली पाय गमावलेला आहे, दुसऱ्याला पोलिओ झालेला आहे, तिसऱ्याचे छातीखालील शरीर कण्याच्या इजेमुळे निश्चल आहे. हे तिघे समान नाहीत. कोणताही निर्बंध नसेल तर प्रत्येक संघ पहिल्या प्रकारचे पाच खेळाडू उतरवील आणि तिसरा बाकावर बसून राहील. ज्याच्या पुनर्वसनासाठी खेळ जन्माला आला तोच खेळाबाहेर जाईल.

यावर उपाय म्हणून जर्मनीचे होर्स्ट श्ट्रोकेंडल यांनी खेळाडूंच्या कार्यक्षमतेवर आधारित वर्गीकरण मांडले व १९८०-९० या दशकात ते आंतरराष्ट्रीय स्तरावर रूढ झाले. प्रत्येक खेळाडूस १ पासून ४.५ पर्यंत, अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या पायरीने, गुण दिले जातात. ज्याचे धडावर नियंत्रण नाही, पुढे वाकल्यास हाताचा आधार घेऊनच ज्याला सरळ व्हावे लागते, त्यास १ गुण. ज्याचे धड पूर्णपणे सक्षम असून एखाद्या पायापुरतीच उणीव आहे त्यास ४.५. मैदानावर एकाच वेळी असलेल्या पाच खेळाडूंच्या गुणांची बेरीज १४ हून अधिक होता कामा नये.

हे आकडे कागदावर मांडून पाहिल्यास त्यांतील मर्म कळते. समजा, एखाद्या प्रशिक्षकाने ४.५, ४ व ४ गुणांचे तीन बळकट खेळाडू निवडले. बेरीज झाली १२.५. उरले दीड गुण, आणि जागा दोन. किमान गुण १ असल्याने दोघांना २ गुण लागतात. म्हणजे हा संघ उभाच राहू शकत नाही. त्याने ४, ४ व ४ असे तिघे घेतले तर उरलेले दोघे १ गुणाचेच असावे लागतील. १, २, २.५, ४ व ४.५ असा मिश्र संघ मात्र बरोबर १४ गुणांत बसतो. थोडक्यात, तीव्र अपंगत्व असलेला खेळाडू संघाला टाळताच येत नाही.

शासकीय कामकाजात वावरणाऱ्या वाचकांचा येथे किंचित गोंधळ होण्याचा संभव आहे. आपल्या प्रमाणपत्रावर अपंगत्वाची टक्केवारी असते. टक्के जितके अधिक तितकी उणीव अधिक. या खेळात उलट आहे. येथे उरलेल्या कार्यक्षमतेचे मोजमाप होते आणि तेही टेबलावर नव्हे. वर्गीकरण करणारे तज्ज्ञ खेळाडूला प्रत्यक्ष खेळताना पाहून गुण ठरवितात. तो किती वाकतो, कितपत वळतो, धक्का बसल्यावर स्वतःस कसा सावरतो, हे त्यांना पाहावयाचे असते. ही पद्धती वादातीत आहे असे मात्र समजू नये. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीने वर्गीकरणाच्या पात्रतेवरून या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघास धारेवर धरले, आणि आयुष्य या खेळात घालविलेल्या काही खेळाडूंना आपण यापुढे पात्र नाही हे ऐकावे लागले. सीमारेषा कोठेही आखली तरी तिच्या पलीकडे कोणीतरी राहतोच.

मग हा एक गुणाचा खेळाडू केवळ बेरीज जुळविण्यापुरता मैदानावर असतो काय? मुळीच नाही. धावणारा माणूस अडथळा येताच एक पाऊल बाजूला टाकून निसटतो. खुर्चीला बाजूला सरकता येत नाही. ती पुढे जाते, मागे येते अथवा वळते. म्हणून एखाद्या खेळाडूने नेमक्या क्षणी आपली खुर्ची बलाढ्य प्रतिस्पर्ध्याच्या मार्गात आणून उभी केली, की तो ४.५ गुणांचा उंचापुरा खेळाडू तेथेच अडकून पडतो. तो मागे येऊन, वळून, पुन्हा वेग घेईपर्यंत इकडे बास्केट झालेली असते. ही जागा अगोदर हेरण्यास दंडाचे बळ फारसे लागत नाही. नजर आणि अंदाज लागतो. जाणकार प्रेक्षक चेंडूकडे पाहण्याऐवजी या अडवणुकीकडे पाहतात. धावफलकावर तिची नोंद होत नाही, हा भाग वेगळा.

आपल्या मातीतील पूर्वसूरी

मलकापूरपासून हाकेच्या अंतरावर गोळेश्वर हे खाशाबा जाधव यांचे गाव. १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी त्यांना लोकवर्गणीचा आधार घ्यावा लागला आणि कुस्तीतील कांस्यपदक घेऊन ते परतले, हे या परिसरातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. याच महामार्गाने दक्षिणेकडे गेल्यास सांगली जिल्ह्यातील पेठ लागते. तत्कालीन पेठ-इस्लामपूर परिसरात १९४४ साली जन्मलेले मुरलीकांत पेटकर यांचे नाव मात्र कित्येक वर्षे त्यांच्याच मुलखाला फारसे ठाऊक नव्हते.

पेटकर सैन्यात गेले, मुष्टियोद्धे झाले. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. एक गोळी कण्यात रुतली व पायांची शक्ती गेली. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार म्हणून त्यांना पोहण्यास सांगण्यात आले, आणि उपचाराचाच पुढे खेळ झाला. १९६८ मध्ये तेल अवीव येथे ते टेबल टेनिस खेळले. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर मुक्तशैली जलतरण त्यांनी ३७.३३ सेकंदांत पुरे केले. भारताचे हे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक. याच स्पर्धेत ते भालाफेक व स्लॅलम या प्रकारांतही उतरले होते. स्लॅलम म्हणजे अडथळ्यांच्या वाकड्यातिकड्या वाटेने खुर्ची वेगाने हाकणे, बास्केटबॉलच्या खेळाडूस पहिल्या दिवशी शिकविले जाते तेच कौशल्य. पद्मश्री मिळण्यास त्यांना २०१८ पर्यंत वाट पाहावी लागली, आणि २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावरील हिंदी चित्रपट आल्यावर त्यांचे नाव घरोघरी पोचले. सांगली जिल्ह्याने त्यानंतरही आपली परंपरा राखली आहे : आटपाडी तालुक्यातील करगणीच्या सचिन खिलारी यांनी पॅरिस येथे गोळाफेकीत १६.३२ मीटर अंतरासह रौप्यपदक मिळविले.

ही पदके वैयक्तिक खेळांतील आहेत, हे लक्षात घ्यावयास हवे. एकटा खेळाडू जिद्दीने, एखाद्या गुरूच्या आणि दोन-चार हितचिंतकांच्या आधारे वर येऊ शकतो. सांघिक खेळास दहा-बारा खेळाडू, तितक्याच खुर्च्या आणि नित्य उपलब्ध असलेले मैदान लागते. आपले घोडे अडले आहे ते येथे. भारतात माधवी लता यांच्या पुढाकाराने चेन्नई येथे या खेळाचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला व २०१४ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने प्रशिक्षकांची मदत दिली. महाराष्ट्रात पुण्याजवळ खडकी येथे, कणा दुखावलेल्या सैनिकांसाठी १९७४ साली सुरू झालेल्या पुनर्वसन केंद्रात हा खेळ खेळला जातो. राज्याच्या महिला संघानेही राष्ट्रीय स्तरावर आपला दबदबा निर्माण केला आहे. तरीही पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये या खेळात भारताचा संघ नव्हता.

गावपातळीवर काय शक्य आहे

एकट्या मलकापुरात, अथवा एकट्या कराड तालुक्यातही, कदाचित दोन पूर्ण संघ उभे राहणार नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या मते तसा आग्रह धरूही नये. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांना मिळून मध्यवर्ती ठिकाण हवे असेल तर मात्र महामार्गावरील मलकापूर-कराड परिसरासारखी सोयीची जागा मिळणे कठीण. रुग्णालय आहे, भौतिकोपचाराचे शिक्षण देणारे महाविद्यालय आहे. कण्याच्या रुग्णाला खेळात आणताना या ज्ञानाची गरज पडतेच. त्याच्या त्वचेस स्पर्श समजत नसल्याने खेळानंतर बैठकीखालील भाग तपासावा लागतो, ठराविक वेळाने हातांवर भार घेऊन अंग उचलावे लागते. इजा वरच्या मणक्यांत असल्यास घाम येत नाही, म्हणून उन्हाच्या वेळी सराव टाळावा लागतो. या गोष्टी खेळाडूला, त्याच्या आईला वा पत्नीला आणि क्रीडाशिक्षकाला, तिघांनाही माहीत असाव्यात.

कायद्याचे पाठबळही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३० अन्वये दिव्यांगांच्या क्रीडासहभागासाठी उपाययोजना करणे व क्रीडासुविधांची पुनर्रचना करणे ही शासनाची जबाबदारी ठरते. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्व-उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवावयाची आहे. लहान ग्रामपंचायतीच्या वाट्यास यातून येणारी रक्कम तुटपुंजी असते, आणि ती वर्षअखेरीस सर्वांना थोडी थोडी वाटून टाकण्याची प्रथा पडली आहे. वाटपात कोणाचा रोष ओढवत नाही, हे खरे. तथापि चार-पाच ग्रामपंचायती व एखादी नगरपरिषद यांनी ठरविल्यास क्रीडा खुर्च्यांचा एक सामाईक संच उभा राहू शकतो. खुर्ची व्यक्तीच्या मापाची असणे सर्वोत्तम, पण प्रारंभीच्या सरावासाठी सामाईक खुर्च्या चालतात.

शिक्षकांसाठी एक सूचना करावीशी वाटते. आंतरराष्ट्रीय सामन्यात कायमस्वरूपी शारीरिक उणीव असलेलेच खेळाडू पात्र ठरतात. परंतु कॅनडासारख्या देशात स्थानिक सामन्यांत धडधाकट खेळाडूही खुर्चीत बसून खेळतात. शाळेत एकच दिव्यांग विद्यार्थी असेल तर त्याच्यासाठी संघ कोठून आणावा, या अडचणीवर हा तोडगा आहे. वर्गातील इतर मुलांना खुर्चीत बसवावे. पहिल्या दिवशी चाके हाकण्यात तोच सर्वांहून पुढे असेल. मुलींच्या बाबतीत पालकांची संमती मिळविणे हे काम शिक्षिकाच चांगले करू शकतील.

आणि मैदानापर्यंत पोचण्याचे काय? रिंगची उंची बदलावयाची नाही, मैदानाची मापे बदलावयाची नाहीत. बदलावयाची आहे ती फाटकापासून मैदानापर्यंतची वाट. उताराचे मान सोपे आहे : एक फूट चढासाठी बारा फूट लांबी. दोन फूट उंचीच्या जोत्यास चोवीस फुटांचा उतार लागेल. त्याऐवजी आठ फुटांचा उतार बांधला तर निधी खर्ची पडेल, पण खुर्ची एकट्याने वर चढणार नाही. क्रीडा खुर्चीची चाके तळाशी फाकलेली असल्यामुळे ती घरातील खुर्चीपेक्षा बरीच रुंद असते, हेही लक्षात ठेवावे. सभागृहाच्या दाराचे माप घेण्यापूर्वी खुर्चीचे माप घ्यावे, आणि उतार पुरा झाल्यावर ठेकेदाराचे देयक मंजूर करण्याआधी गावातील एखाद्या व्हीलचेअर वापरणाऱ्या रहिवाशाला त्यावरून, कोणीही मागून न ढकलता, वर येण्यास सांगावे.